ओळंब्यातल्या सव्वापाच विकला

१८४०च्या आसपास भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या दप्तरात एकाच अंतराची दोन उत्तरं जमा झाली. मध्य भारतात सिरोंजजवळ कलियानपूर नावाचं एक ठाणं होतं आणि उत्तरेला मुजफ्फरनगरजवळ कलियाना नावाचं दुसरं. या दोन ठाण्यांच्या अक्षांशांत नेमका फरक किती, एवढाच प्रश्न होता. जमिनीवरून मोजत गेलं की तो भरे ५ अंश २३ कला ४२.२९४ विकला. ताऱ्यांवरून मोजला की भरे ५ अंश २३ कला ३७.०५८ विकला. तफावत ५.२३६ विकलांची.

अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. जमिनीवर एक विकला अक्षांश म्हणजे सुमारे ३१ मीटर. म्हणजे ही तफावत सुमारे १६१ मीटरची होते, आणि तीही जवळपास ६०० किलोमीटरच्या अंतरात. सैन्याच्या हालचाली, शेतसारा, रस्ते, यांतल्या कशालाही तिने फरक पडत नव्हता. तरी ती सोडून देता येत नव्हती, कारण मोजणीच इतक्या कसोशीने झाली होती की एवढ्या मोठ्या चुकीला तिच्यात जागाच उरली नव्हती. हिमालयाच्या खाली काय आहे याचा पहिला धागा या उरलेल्या आकड्यातून हाती लागला. तो आकडा विश्वासाला पात्र कसा झाला, हे नीट सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. म्हणून आधी मोजणीकडे जाऊ.

अशा सर्वेक्षणात लांबी प्रत्यक्ष फार थोड्या वेळा मोजतात. सपाट जमिनीवर दहा-बारा किलोमीटरची एक सरळ रेषा अतिशय काळजीने मोजायची, ही पायारेषा. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या तिसऱ्या बिंदूचे कोन घ्यायचे. एक बाजू आणि कोन माहीत झाले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्यांतली प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. असे त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत शेकडो किलोमीटर जाता येतं. सोय मोठी आहे, आणि धोकाही तेवढाच मोठा: पायारेषेत हजारात एक चूक झाली, तर शेवटच्या त्रिकोणापर्यंत सगळं काही हजारात एकाने चुकतं. कोनातली चूक मात्र वाटेत साठत जाते, म्हणून अधूनमधून दुसरी पायारेषा मोजून गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहावी लागते.

हे सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पहिली पायारेषा मोजली. लांबी साडेसात मैल, दिवस लागले ५७. साखळी पोलादी, शंभर फुटी, अडीच-अडीच फुटांच्या चाळीस कड्यांची. ती जमिनीवर टाकून चालत नाही. तिवयांवर लाकडी पन्हळी एका ओळीत आणि एका पातळीत बसवायच्या, साखळी त्यांत अंथरायची, एका टोकाला वजन टांगून दर वेळी तोच ताण द्यायचा, पन्हळींत थर्मामीटर ठेवायचे आणि वर तंबूची सावली धरायची. असं चारशे वेळा.

थर्मामीटर का, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. शंभर फूट पोलाद एका सेल्सियस अंशाला सुमारे ०.३७ मिलिमीटर वाढतं. नुसतं ऐकायला काहीच नाही. पण मद्रासच्या उन्हात सकाळ आणि दुपार यांत साखळी सहज दहा अंशांनी तापेल. तेवढी सुधारणा करायची राहिली तर चारशे साखळ्यांत दीड मीटरची चूक होते, आणि तीच चूक त्रिकोणांच्या माळेने ६०० किलोमीटर वाहत नेली तर सत्तर मीटरच्या वर जाते. शिवाय थर्मामीटर सांगतो हवेचं तापमान, धातूचं नाही. ऊन पडायला लागलं की हवा आधी तापते, पोलाद मागून. ही अडचण साखळीने कधीच पुरती सुटली नाही.

म्हणून लॅम्ब्टननंतर सर्वेक्षणाचा प्रमुख झालेला जॉर्ज एव्हरेस्ट १८३० साली इंग्लंडहून परतताना वेगळंच साधन घेऊन आला. पितळेची आणि लोखंडाची अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून मधोमध जोडलेल्या, आणि दोन्ही टोकांना त्यांना आडवी जोडणारी पोलादी जीभ. पितळ लोखंडापेक्षा जास्त वाढतं, त्यामुळे तापमान वाढलं की जीभ तिरपी होते. जिभेवर एक जागा अशी सापडते की जीभ कितीही तिरपी झाली तरी ती जागा हलत नाही. त्या जागी बारीक ठिपका करायचा. दोन टोकांच्या ठिपक्यांमधलं अंतर कोणत्याही तापमानाला बरोबर दहा फूट. असे सहा जोड एकापुढे एक मांडत, आणि दोन जोडांमधली सहा इंचांची मोकळी जागा सूक्ष्मदर्शकांच्या जोडीने भरून काढत. एका मांडणीत ६३ फूट. इथेही एक खोच होतीच: दोन धातू वेगवेगळ्या वेगाने तापतात, त्यामुळे तापमान बदलत असताना ठिपका थोडा सरकतो. पट्ट्यांच्या पृष्ठभागावर लेप देऊन दोन्हींचा तापण्याचा वेग शक्य तितका सारखा केलेला होता.

कोन मोजायला थिओडोलाइट. लॅम्ब्टनच्या थिओडोलाइटचं आडवं चक्र ३६ इंच व्यासाचं आणि एकूण वजन सुमारे अर्धा टन. १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वराच्या शिखरावर ते चढवत असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. चक्र वाकलं. चक्राच्या कडेवर अंशांचे जे बारीक भाग कोरलेले असतात त्यांवर सगळं अवलंबून. चक्र अंडाकृती झालं की त्या खुणांना काही अर्थ राहत नाही. लॅम्ब्टनने तंबूत स्वतःला कोंडून घेतलं आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून सहा आठवड्यांत ते चक्र कणाकणाने ओढून पुन्हा गोल केलं. भारतातल्या विज्ञानाच्या इतिहासात हातकामाचा एवढा धीरगंभीर प्रसंग मला दुसरा ठाऊक नाही. लॅम्ब्टन १८२३च्या जानेवारीत आपल्या हिंगणघाटला वारला, नागपूरच्या वाटेवर. थडगंही तिथेच आहे. त्याची माळ तोवर दक्षिण टोकापासून वऱ्हाडापर्यंत आली होती.

पुढची माळ एव्हरेस्टने ओढली. सुरुवातीला मोजणीवाले पावसाळ्यात काम करत, कारण पावसाने धूळ बसते आणि दूरचं निशाण स्वच्छ दिसतं. त्याची किंमत जंगलातल्या तापाने माणसांनी मोजली. नंतर दिवसा आरशाने सूर्यप्रकाशाची तिरीप पाठवायची आणि रात्री परावर्तक बसवलेले दिवे लावायचे, अशी पद्धत आल्यावर कोरड्या ऋतूतही काम होऊ लागलं. रात्रीचा आणखी एक फायदा होता. तापलेल्या जमिनीलगतची हवा प्रकाशकिरणाला वाकवते. दुपारी निशाण थरथरतं आणि खोट्या जागी दिसतं, रात्री ते स्थिरावतं. गंगा-यमुनेच्या दुआबात डोंगर नाहीत, तेव्हा तिथे विटांचे सुमारे पन्नास फुटी मनोरे बांधले. यंत्राचा चबुतरा निरीक्षकाच्या पायाखालच्या मजल्यापासून अलग असावा लागतो, नाहीतर माणसाने पाय बदलला तरी पाणसळीचा बुडबुडा हलतो. यंत्रांची दुरुस्ती आणि जुळणी अर्काटचे सय्यद मीर मोहसीन यांच्याकडे होती. आकडेमोडीसाठी १८३१ साली कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातून आलेला राधानाथ सिकदर होता. माळेतला प्रत्येक कोन चक्राच्या वेगवेगळ्या भागांवर फिरवून पुन्हा पुन्हा मोजायचा, म्हणजे खुणा कोरतानाच्या चुका एकमेकींना खोडतात.

या माणसांना विकला म्हणजे काय हे किती आतून माहीत होतं, त्याचा एक दाखला देतो. पृथ्वी गोल असल्यामुळे जमिनीवरच्या मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा किंचित जास्त भरते. पन्नास किलोमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणात ही जादा बेरीज सुमारे साडेपाच विकला असते. मोजणीवाले ती रोज वजा करत आणि मग उरलेली चूक तपासत. सव्वापाच विकला त्यांच्या नजरेतून निसटेल इतकी लहान गोष्ट नव्हती.

आणि शेवटची कसोटी झाली देहरादूनला. तिथली पायारेषा धातूच्या पट्ट्यांनी मोजली. सिरोंजची पायारेषाही त्याच पट्ट्यांनी नव्याने मोजली. मग सिरोंजपासून सुमारे ७०० किलोमीटर त्रिकोणांच्या माळेने गणित करत देहरादूनच्या रेषेची लांबी काढली आणि प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीशी ताडली. बारा किलोमीटरच्या रेषेत फरक निघाला ७.२ इंच. पासष्ट हजारात एक. याच प्रमाणात कलियानपूर ते कलियाना अंतर चुकलं असेल तर चूक नऊ-दहा मीटरची. १६१ मीटर कुठून आणायचे?

मग चूक ताऱ्यांच्या बाजूला असेल का? अक्षांश ताऱ्यावरून काढतात तो असा: तारा बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर आला की तो ठाण्याच्या खमध्यापासून, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूपासून, किती अंशांवर आहे ते मोजायचं. ताऱ्याचं आकाशातलं स्थान यादीत दिलेलं असतं. यादीच चुकीची असेल तर? म्हणून एकाच काळात एव्हरेस्ट कलियानाला आणि त्याचा सहकारी अँड्र्यू वॉ कलियानपूरला बसले आणि दोघांनी तेच तारे मोजले. दोन ठाण्यांच्या अंतरांची वजाबाकी केली की ताऱ्याचं स्थान गणितातून निघूनच जातं. यादी चुकली असली तरी फरक पडत नाही. तारे डोक्याजवळचे निवडले, कारण तिथून येणारा प्रकाश वातावरणात फारसा वाकत नाही. पळवाटा अशा एकेक करून बंद होत गेल्या.

एव्हरेस्टने काय केलं? तफावत मोजणीत कुठेतरी साठलेली चूक आहे असं धरून ती त्याने कमानीच्या, म्हणजे दक्षिणोत्तर मोजत नेलेल्या माळेच्या, भागांवर वाटून टाकली. मोठ्या मोजणीत असं करतात, आणि त्यात गैर काही नाही. उरलेली चूक सगळीकडे थोडी थोडी पसरली की नकाशा जुळतो. पण तसं केलं की ती चूक दिसेनाशी होते. माणसाच्या मनाची ही सवय मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत विचार करण्यासारखी वाटते, कारण एव्हरेस्ट निष्काळजी नव्हता. उलट इतका काटेकोर माणूस त्या खात्यात क्वचितच झाला असेल. शिवाय या तफावतीचं खरं कारण त्याला ठाऊक असलेल्या गोष्टींतच होतं.

कारण खमध्य ठरवतो कोण? ओळंबा. पाणसळीचा बुडबुडा वापरा, पाऱ्याची थाळी वापरा, शेवटी सगळे गुरुत्वाकर्षणालाच विचारतात की वर कुठे आणि खाली कुठे. आणि ओळंब्याला पृथ्वी खाली ओढते तसा शेजारचा डोंगरही बाजूला ओढतो. डोंगराचं ओढणं फार थोडं असतं, पण असतं. फ्रेंच मोहिमेतल्या पिएर बुगेरने १७३८ साली दक्षिण अमेरिकेत चिंबोराझोच्या उतारावर ते पाहायचा प्रयत्न केला होता. १७७४ साली स्कॉटलंडमध्ये नेव्हिल मॅस्केलाइन याने शिहॅलियन डोंगराच्या उत्तर आणि दक्षिण बाजूंना तारे मोजले. दोन्ही बाजूंचे ओळंबे डोंगराकडे झुकत होते, दोन्ही मिळून ११.६ विकला. त्यावरून चार्ल्स हटनने पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेचार पट काढली. खरी आहे साडेपाच पट. म्हणजे डोंगर ओळंबा ओढतो हे एव्हरेस्टच्या काळी जुनं ज्ञान होतं. त्याने स्वतः वऱ्हाडात एलिचपूरजवळच्या टाकळखेड्याच्या ठाण्यावर उत्तरेच्या पठाराचा ओळंब्यावर काय परिणाम होत असेल याचं गणित मांडलं होतं. कमानीचं उत्तर टोक त्याने पहाडाच्या पायथ्याऐवजी मागे मैदानात कलियानाला धरलं, तेही हिमालयाची ओढ टाळावी म्हणूनच. तेवढं अंतर पुरेल असं त्याला वाटलं.

ओढीची दिशाही तफावतीशी जुळत होती. हिमालय उत्तरेला. ओळंब्याचं वजन उत्तरेकडे सरकलं की ओळंब्याची रेषा वर आकाशात दक्षिणेकडे झुकते, खमध्य दक्षिणेला जातो आणि अक्षांश खऱ्यापेक्षा कमी भरतो. कलियाना पर्वताच्या जवळ, तिथे तो जास्त कमी भरणार. कलियानपूर दूर, तिथे थोडा कमी. म्हणून ताऱ्यांवरून काढलेला फरक जमिनीवरच्या फरकापेक्षा लहान आला. सगळं जुळलं. उरलं फक्त हिमालयाची ओढ हिशेबाने किती यायला हवी ते काढणं.

हे काम कलकत्त्याचा आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट याने अंगावर घेतलं. धर्मखात्यातला माणूस, पण शिक्षण केंब्रिजच्या गणिताचं. काम किती किचकट आहे ते पाहा. ओळंब्यावर ओढ करतो तो एक डोंगर नाही. हिमालयाच्या रांगा, त्यांच्यामागे तिबेटचं पठार, त्याच्याही पलीकडचा उंच प्रदेश, यांतला प्रत्येक तुकडा आपापल्या अंतरावरून आपापल्या दिशेने ओढतो, आणि त्यांतल्या बऱ्याच भागात तेव्हा कुणी मोजणीवाला गेलेला नव्हता. प्रॅटने एक सुंदर युक्ती काढली. ठाणं मध्यभागी धरून त्याने भोवतीचा प्रदेश पाकळ्यांसारख्या पट्ट्यांत आणि पट्टे पुन्हा कप्प्यांत विभागले. कप्प्यांच्या रुंदीचा नियम असा ठरवला की ठाण्यापासून दूर जाताना कप्पे मोठे होत जातात आणि त्यामुळे कोणत्याही कप्प्याची ओढ फक्त त्याच्या सरासरी उंचीवर अवलंबून राहते. अंतराचा घोळ त्या नियमातच जिरतो. मग काम उरतं ते प्रत्येक कप्प्याची सरासरी उंची ठरवून बेरीज करण्याचं. जिथल्या उंचीची खात्री नाही तो प्रदेश त्याने वेगळा काढून दाखवला, म्हणजे अंदाज चुकला तर उत्तर किती बदलेल हे वाचणाऱ्याला तपासता यावं. हा प्रामाणिकपणा त्या निबंधात पानोपानी आहे.

उत्तर आलं: कलियानाला ओळंबा २७.८५३ विकला झुकायला हवा, कलियानपूरला ११.९६८ विकला. दोहोंतला फरक १५.८८५ विकला.

पाहिजे होते ५.२३६. आले १५.८८५. तिप्पट.

इथे क्षणभर थांबावं असं मला वाटतं. कारण सापडलं, दिशा जुळली, आणि आकडा तिपटीने चुकला. आधी प्रश्न होता की सव्वापाच विकला आल्या कुठून. आता प्रश्न झाला की उरलेल्या साडेदहा गेल्या कुठे. प्रॅटने परतीच्या सगळ्या वाटा तपासल्या. पर्वताचा खडक हलका धरला तर? इतका हलका धरावा लागेल की तो खडक राहणार नाही. दूरच्या प्रदेशाची उंची कमी धरली तर? जवळच्या, माहीत असलेल्या भागाचीच ओढ पुरेशी मोठी होती. शेवटी त्याने सुचवलं की भारतातली पृथ्वीची वक्रताच सरासरीपेक्षा वेगळी असावी. तेही समाधानकारक नव्हतं. आणि तरीही त्याने उत्तर मोडून-वाकवून पाचावर आणलं नाही. पंधरा आलं, पंधरा छापलं. रॉयल सोसायटीच्या १८५५च्या ग्रंथात तो निबंध ४८ पानांचा आहे.

त्याच्या लगेच पुढे चार पानांचा दुसरा निबंध आहे, जॉर्ज बिडेल एअरी याचा. एअरी इंग्लंडचा राजखगोलशास्त्रज्ञ. प्रॅटचं उत्तर वाचून त्याने काही आठवड्यांत हे लिहिलं, आणि त्यात म्हटलं की या उत्तरात आश्चर्य करण्यासारखं काहीच नाही, ते आधीच ओळखता यायला हवं होतं.

त्याचा युक्तिवाद असा. शंभर मैल रुंद आणि दोन मैल उंच पठार पृथ्वीच्या दहा मैल जाडीच्या कवचावर ठेवलंय अशी कल्पना करा. कवच ते पेलेल का? कवच मोडू नये म्हणून खडकाची चिकटून राहण्याची ताकद किती लागेल याचा हिशेब एअरीने मांडला. वीस मैल लांबीचा खडकाचा खांब वरून टांगला आणि तो स्वतःच्या वजनाने तुटला नाही, इतकी. असा खडक जगात नाही. तेव्हा पठार कवचावर नुसतं ठेवलेलं असू शकत नाही, ते मोडून खाली बसलं असतं. त्या अर्थी त्याला खालून आधार आहे. कवचाखालचं द्रव्य जास्त घन आणि दीर्घकाळात वाहणारं असेल, तर कवचाचा जाड भाग त्यात तरंगतो. पाण्यात सोडलेल्या ओंडक्यांपैकी जो ओंडका पाण्याबाहेर जास्त वर आलेला दिसतो, तो पाण्यात खालीही जास्त खोल गेलेला असतो. पर्वताचंही तसंच. वर जेवढा डोंगर, त्याच्या कितीतरी पट खाली मूळ.

आणि मूळ म्हणजे जड द्रव्याच्या जागी हलकं द्रव्य. वर डोंगराने द्रव्य वाढवलं, खाली मुळाने ते घटवलं. दूरवरच्या ओळंब्याला दोन्हींची बेरीज जवळपास शून्य जाणवते. जवळच्या ओळंब्याला डोंगर जवळ आणि मूळ खोल, म्हणून थोडी ओढ शिल्लक राहते. प्रॅटच्या साडेदहा विकला या मुळात गेल्या होत्या. प्रॅटने हिमालय मोजला तो जमिनीच्या वरचा. ओळंबा मोजत होता तो अख्खा.

प्रॅटला हे पटलं नाही. १८५९ साली त्याने स्वतःचा पर्याय मांडला: मूळ वगैरे काही नाही, पर्वताखालचं कवच फुगून विरळ झालंय आणि सागराखालचं आकसून घन. ठरावीक खोलीपर्यंत कोणताही उभा स्तंभ घ्या, वजन सारखंच. कोण बरोबर? ओळंब्याच्या मोजणीने त्या काळी हे ठरवता येत नव्हतं, कारण दोन्ही चित्रांत बाहेरून जाणवणारी ओढ जवळपास सारखीच येते. निकाल लावायला दुसरं साधन लागलं, भूकंपाच्या लहरी. आंद्रिया मोहोरोविचिच याने १९०९ साली लहरींच्या वेगातल्या अचानक बदलावरून कवचाचा तळ ओळखला. पुढे पर्वतांखाली तो तळ खरंच खोल सापडला. हिमालय-तिबेटच्या बाबतीत एअरी जिंकला. सागरतळाच्या उंच कण्यांखाली मात्र तापून विरळ झालेला खडक आहे, तिथे प्रॅटचं चित्र जास्त लागू पडतं. एका वादातले दोघेही पृथ्वीच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बरोबर निघावेत, ही गोष्ट मला फार आवडते.

आज हा हिशेब कुणालाही करून पाहता येतो. कवचाची घनता घ्या पाण्याच्या २.८ पट, त्याच्या खालच्या थराची, म्हणजे प्रावरणाची, ३.३ पट. वर जेवढी उंची, त्याच्या २.८ भागिले ०.५, म्हणजे ५.६ पट मूळ. तिबेटचं पठार सरासरी पाच किलोमीटर उंच धरलं तर मूळ २८ किलोमीटर. समुद्रसपाटीलगतच्या जमिनीखाली कवच साधारण ३५ किलोमीटर जाड असतं. पाच, पस्तीस आणि अठ्ठावीस मिळून ६८. भूकंपलहरींनी मोजलेली जाडी सत्तरच्या आसपास येते. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी चार पानांत मांडलेल्या विचारातून एवढं जवळचं उत्तर निघतं. याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे: नद्यांनी पठारावरून एक किलोमीटर जाडीचा खडक वाहून नेला, तर हलकं झालेलं पठार सुमारे ८५० मीटर वर येतं. उंची घटते फक्त दीडशे मीटरने. म्हणूनच पर्वत झिजायला आपल्याला वाटतं त्याहून खूप जास्त काळ घेतात.

या तोलाला समस्थायित्व म्हणतात, आणि तो आजही साधला जातोय. शेवटच्या हिमयुगात स्कँडिनेव्हियावर बर्फाचा किलोमीटरहून जाड थर होता. बर्फ वितळून दहा हजार वर्षं झाली, तरी बॉथनियाच्या आखाताचा उत्तर भाग अजून वर्षाला सुमारे नऊ मिलिमीटर वर येतोय. प्रावरण वाहतं, पण किती सावकाश वाहतं, हे या वेगावरूनच काढतात.

भारतात या कामाची पुढची कडी लंबकाने जोडली. लंबकाचा झोका गुरुत्वाकर्षण कमी असेल तिथे मंदावतो, त्यामुळे पायाखाली द्रव्य किती आहे ते तो सरळ सांगतो. कॅप्टन जेम्स बसेव्ही याने १८६५पासून देशभर ठाण्याठाण्यांवर लंबक मोजत नेले. लंबकाचं काम ओळंब्याहून नाजूक: तापमान, हवेचा दाब, टेकणाची धार झिजणं, चौकटीचं किंचित डोलणं, प्रत्येकाची वेगळी सुधारणा करावी लागते. लडाखमध्ये मोरे इथे, सुमारे साडेपंधरा हजार फुटांवर, त्याला आढळलं की पायाखालच्या एवढ्या प्रचंड पठाराची जादा ओढ जवळजवळ जाणवतच नाही. द्रव्याची घट खाली कुठेतरी आहे, हे ओळंब्याशिवाय दुसऱ्या वाटेने सिद्ध झालं. बसेव्ही त्याच मोहिमेत, १८७१च्या जुलैमध्ये, तिथल्या उंचीवर आणि थंडीत वारला.

ओळंब्याच्या या झुकण्याचा एक परिणाम अजूनही हाताळावा लागतो. भारताचे जुने नकाशे पृथ्वीच्या ज्या गणिती आकारावर, म्हणजे लंबगोलावर, आखले तो एव्हरेस्टने ठरवलेला होता, आणि त्या नकाशांचा आरंभबिंदू कलियानपूर धरला होता. म्हणजे सगळ्या देशाचे अक्षांश-रेखांश एका ठाण्याच्या ओळंब्याला बांधलेले. उपग्रह ओळंब्याला विचारत नाहीत. ते पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात आणि त्यांच्यावरून काढलेलं स्थान त्या केंद्राला बांधलेल्या लंबगोलावर असतं. त्यामुळे सर्वेक्षण खात्याची जुनी नकाशापत्रिका घेऊन जीपीएसचे आकडे तसेच तिच्यावर टेकवले, तर बिंदू खऱ्या जागेवरून सरकलेला पडतो. विहिरीची जागा दाखवायची असेल किंवा किल्ल्याची वाट काढायची असेल, तर एवढी चूक चालत नाही. आधी यंत्राच्या किंवा नकाशाच्या आज्ञावलीच्या मांडणीत आधारप्रणाली (डेटम) बदलून एव्हरेस्ट लंबगोलावरची भारतीय प्रणाली निवडावी. त्यातही एकाहून जास्त पर्याय दिसतात, तेव्हा पत्रिकेच्या समासात छापलेला आधार आणि वर्ष वाचून जुळणारा घ्यावा. मग नकाशावर सहज ओळखू येणारी एखादी जागा, जुना पूल किंवा टेकडीवरचा त्रिकोणखांब, प्रत्यक्ष गाठून आकडे ताडावेत. ते जुळले की बाकीचे बिंदू टाकायला हरकत नाही. २००५ साली आलेल्या नकाशा धोरणानंतर सर्वेक्षण खात्याने लोकांसाठीच्या पत्रिका उपग्रहांशी जुळणाऱ्या लंबगोलावर काढायला सुरुवात केली. त्यांना हा खटाटोप लागत नाही. पत्रिका दोन्ही प्रकारच्या वापरात आहेत, म्हणून घडी उघडताना आधी समास पाहावा.